सात वेशींचा पुकारा

वैजयंताबाई खराड्यांना सवत आली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

त्याआधीच्या अडतीस वर्षांत त्यांच्यावर कुणाचा मत्सर करायची वेळच आली नव्हती. हिंदुराव सरळमार्गी माणूस. तासगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. पान नाही, तंबाखू नाही, थट्टामस्करी नाही. देवानं एकच गोष्ट हात सैल सोडून दिली होती, ती म्हणजे आवाज. "मणेराजुरीमार्गे कवठेमहांकाळला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," हे वाक्य ते असं म्हणायचे की ज्याला कवठ्याला काही काम नाही त्यालाही जाऊन यावंसं वाटे. घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. त्यामुळे बाकीच्या बायकांचे नवरे कामावर गेले की गेले, वैजयंताबाईंचा मात्र जाऊनही दिवसभर स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

एकच तक्रार होती, तीही लाडिक. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्या डबा घेऊन स्टँडवर तासभर उभ्या राहिल्या होत्या, पण नवऱ्यानं माइकवरून त्यांचं नाव काही पुकारलं नाही. नियमात बसत नव्हतं म्हणे. तेव्हापासून त्या टोमणा मारत आल्या होत्या की अख्ख्या तालुक्याला हाका मारता, बायकोला एक नाही.

पुढे गाड्या विजेवर धावू लागल्या आणि पुकारा यंत्र करू लागलं. नोकरीची शेवटची चार वर्षं हिंदुरावांनी वेळापत्रकाचे कागद चिकटवण्यात काढली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, भाकरीचा तुकडा हातात असतानाच, पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सहा महिन्यांत परतले. वाचा परतली नाही. हो, नको आणि अगं, एवढे तीन शब्द उरले.

कळायचं सगळं. शब्द आत होते, बाहेर यायचा रस्ता खचला होता. मग वैजयंताबाईंनी कोणत्याही मायाळू बायकोनं केलं असतं तेच केलं. हिंदुरावांनी "च" म्हणायचा अवकाश, ह्या विचारायच्या, चहा? चष्मा? चादर? ते कशावर तरी मान हलवायचे आणि ती वस्तू समोर यायची. शेजारणी म्हणत, वैजयंताबाई म्हणजे त्यांची जीभच हो. बाईंना ते ऐकून बरं वाटे. खरं सांगायचं तर ही सवय झटक्यानंतरची नव्हतीच. हिंदुराव पूर्ण वाक्य बोलायचे ते माइकसमोरच. घरात त्यांचं अर्धं झालं की उरलेलं अर्धं बाई पुरं करून टाकायच्या.

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रातल्या डॉ. अस्मा मुजावर यांनी त्यांना 'पैलगाव' नावाचं यंत्र सुचवलं. डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या पुढची, संथ बोलणारी बाई. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. बोलण्याचा रस्ता बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूनं जातो. तो खचला तर उजव्या बाजूनं पायवाट पाडता येते. ताल आणि चाल उजव्या बाजूला बऱ्यापैकी शाबूत राहतात, म्हणूनच ज्याला 'पाणी' म्हणता येत नाही असा रुग्णही आरती म्हणून दाखवतो. पण पायवाट पडायला त्यावरून हजारदा चालावं लागतं, आणि इथं रुग्ण एकदा अडखळला की समोरच्याचे डोळे भरून येतात. ते बघून तो गप्प बसतो. तेव्हा त्याला अशा ठिकाणी पाठवायचं, जिथं त्याला कुणीच ओळखत नाही. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. यंत्र त्याच्याच आठवणींच्या चिंध्यांतून एक मुलूख शिवतं. माणसाला पुढे काय होणार याची उत्सुकता लागली की मेंदूत एक लहर उठते. ती लहर उठत राहील तोवर यंत्र पुढचं पुढचं शिवत जातं.

डॉक्टरांची मुलं असल्या गोष्टी रात्रंदिवस वाचत. जपानी भाषेत त्यांना इसेकाई म्हणतात, असं त्या म्हणाल्या. कुणीतरी सामान्य माणूस ट्रकखाली येतो आणि डोळे उघडतो ते दुसऱ्याच जगात. वैजयंताबाईंनी विचारलं, ट्रकखाली मेल्यावर सुखी व्हायचं, यात वाचण्यासारखं काय आहे?

"इथं ज्याची कुणाला गरज उरली नाही, त्याची तिथं गरज असते, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "इथलं जे फुटकळ ज्ञान, त्यावर तिथं राज्य चालतं. माणसाला दुसरं काय पाहिजे?"

"आणि शेवट काय होतो?"

"बहुतेक गोष्टींना शेवटच नसतो. वाचणारा 'पुढे?' म्हणतोय तोवर लिहिणारा लिहितोय."

हे बाईंना मुळीच पटलं नाही. त्यांच्या माहेरी श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी ऐकायची म्हणजे मुठीत अक्षता धरून, आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही की जागचं उठायचं नाही. एका वर्षी त्यांची आत्या दूध उतू जातंय म्हणून मध्येच उठली. त्या वर्षात घरात जे जे वाईट झालं, म्हैस आटण्यापासून ते काकांच्या मूळव्याधीपर्यंत, ते सगळं आत्याच्या नावावर लागलं. शेवट नसलेली गोष्ट म्हणजे जन्मभर मूठ मिटून बसणं. आणि मूठ मिटलेल्या माणसानं भाकऱ्या थापायच्या कशा?

पण उपचार म्हणून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी त्यांना पहिलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. तिथं सात वेशींचं एक गाव होतं. वेशीवेशीवरून तांडे सुटायचे, पण कुठला तांडा कुठल्या देशाला जातो हे कुणी सांगायचं नाही, त्यामुळे माणसं भलत्याच तांड्यात बसून वर्षानुवर्षं हरवायची. अशा गावात हिंदुराव पोचले होते आणि चबुतऱ्यावर उभे राहून पुकारा करत होते. आधी तुटक, मग तालात, मग सलग. त्यांना तिथं पागोटं मिळालं होतं. लोक त्यांना पुकारेमहाराज म्हणत.

तो आवाज ऐकून वैजयंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दीड वर्षानं ऐकत होत्या. पण पुकारा संपला आणि पुढे नवऱ्याचा तोच आवाज, माइकचा नव्हे, घरगुती, हळू, म्हणाला, "आज दमलो बघ, मालन."

"हूं," एका बाईचा आवाज आला.

आणि मग हिंदुराव बोलत राहिले. उन्हाबद्दल, उंटांबद्दल, लहानपणी विहिरीत पडले होते त्याबद्दल. विहिरीचं बाईंना अडतीस वर्षांत कळलं नव्हतं. पदर डोळ्यांवरून खाली आला.

"मालन कोण?"

डॉक्टर म्हणाल्या, चबुतऱ्याजवळ पाणपोई चालवणारी बाई आहे. खरी नाही. यंत्रानं बनवलेलं पात्र.

"बनवायला काहीतरी लागतं की नाही? पिठाशिवाय भाकरी होते का?"

त्या संध्याकाळी बाईंनी स्टँडवरचे झाडून सगळे जुने लोक फोनवर गाठले. कॅन्टीनमध्ये कुणी मालन होती का? झाडलोटीला? एखादी नेहमीची प्रवासी? एका निवृत्त कंडक्टरला तर हसू आवरेना. वहिनी, तो माणूस बायकांना तिकीट दाखवा म्हणायलाही लाजायचा, असं तो म्हणाला. बाईंचं समाधान झालं नाही. उलट खरीखुरी मालन सापडली असती तर बरं झालं असतं, तिच्या दारात जाऊन उभं तरी राहता आलं असतं. जी जन्मालाच आली नाही तिच्याशी भांडायचं कुठं?

आठवड्यातून तीन दिवस मिरजेला जायचं. त्या दिवशी हिंदुराव पहाटेच दाढी करून तयार. परत येताना गाडीच्या खिडकीला डोकं टेकून बसायचे, आणि घरी आले की पुन्हा हो, नको, अगं. बाई मुद्दाम समोर बसून विचारायच्या, काय झालं आज तिकडं? ते तोंड उघडायचे, "प..." म्हणायचे, आणि बाईंच्या तोंडून "पाणी? पंखा?" निघून जायचं. ते मान हलवायचे. पंखा सुरू व्हायचा. शब्दांचा डोंगर तिकडं आणि आपल्या वाट्याला खडे, हे बाईंना रोज जेवताना आठवायचं आणि घास कडू व्हायचा.

चार महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"तिथलं बोलणं इथं येत नाही, कारण तिथली गोष्ट संपत नाही," त्या म्हणाल्या. "काकू, काही आणायला म्हणून स्वयंपाकघरात जावं आणि तिथं गेल्यावर कशाला आलो तेच आठवू नये, असं तुमचं होतं ना? दार ओलांडलं की मेंदू मागचं गाठोडं बांधून ठेवतो. एखादा प्रसंग संपला, म्हणजे संपला असं मेंदूला वाटलं, की मगच त्यातलं शिकलेलं गाठ मारून जपून ठेवलं जातं. काकांचं गाठोडं उघडंच आहे. यंत्र दर वेळी विचारतं, इथं थांबायचं का? काका दर वेळी नको म्हणतात. आणि असं फार दिवस चाललं तर पायवाट तिकडचीच पक्की होईल. मग इकडं ते कधीच बोलणार नाहीत."

त्यांच्या पंधरापैकी अकरा रुग्णांचं असंच झालं होतं. शेवट कुणालाच नको होता. जवळच्या नातेवाइकाला मात्र गोष्टीत बदल सुचवायचा आणि गरज पडल्यास आत जायचाही अधिकार होता.

वैजयंताबाईंनी घरी वहीची दोन पानं भरून शेवट लिहिला. एकदम ठसठशीत. त्यात मालनचं लग्न एका उंटवाल्याशी लागतं आणि ती शेवटच्या तांड्यात बसून सगळ्यात लांबच्या देशाला निघून जाते. उंटवाल्याला त्यांनी दम्याचा विकारही दिला. पण लिहून झाल्यावर एवढीसुद्धा वाट बघवेना. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, शेवटाचं मागनं बघू, आधी त्या बाईला काढा. डॉक्टर म्हणाल्या, मी हे सुचवणार नाही. बाई म्हणाल्या, अर्ज कुठाय? आणि सही ठोकली. हिंदुरावांना त्यांनी हे सांगितलं नाही.

मालनविना पहिल्या दिवशी हिंदुराव चबुतऱ्यावर चढले, पाणपोईकडे बघितलं आणि पुकारा सुरू केला. ध्वनिमुद्रणात आवाज खणखणीत होता.

"पाणपोईच्या मालन जिथं असतील तिथून त्यांनी चबुतऱ्यापाशी यावं. त्यांची वाट पाहिली जात आहे."

हरवलेल्या माणसाचा पुकारा. तीनदा म्हणायचा असतो, मध्ये थांबून. त्यांनी दिवसभर म्हटला. तांडे सुटत होते, माणसं भलतीकडे चालली होती, आणि पुकारेमहाराज एकच नाव घेत होते. वैजयंताबाईंच्या अंगाची आग झाली. डबा घेऊन तासभर उभी राहिले तेव्हा नियमात बसत नव्हतं! दुसऱ्या दिवशी वाक्य तुटलं. तिसऱ्या दिवशी फक्त "मालन" उरलं. चौथ्या दिवशी हिंदुराव चबुतऱ्याच्या पायरीवर बसून राहिले. मुद्रणात नुसता वारा वाजत होता.

बाईंनी विचारलं, असं काय होतं हो तिच्यात? यावेळी प्रश्नात राग कमी आणि भीती जास्त होती. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीचं एक मुद्रण लावलं.

"घरी मी 'च' म्हटलं," हिंदुराव सांगत होते, मध्ये मध्ये लांब थांबत, "की चहा येतो. नाहीतर चष्मा येतो. चादर... चादर पण येते. मला..." इथं ते इतका वेळ थांबले की मुद्रण संपलं असं वाटावं.

"हूं," मालन म्हणाली.

"मला चौकात जाऊन बसायचं असतं. ती लई करते माझ्यासाठी. पण मला... वाक्य संपवूच देत नाही."

"हूं."

एवढंच होतं त्या बयेकडे? एक हुंकार? लहानपणी आत्या कहाणी सांगायची तेव्हा हूं म्हणायचं काम आपलंच होतं, हे वैजयंताबाईंना आठवलं. हूं थांबलं की आत्या थांबायची. ते काम आपण कधी सोडून दिलं ते त्यांना आठवेना. लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी मत्सर होता तसाच होता, उलट आता त्याला कारण मिळालं होतं.

"तिला परत आणा," त्या म्हणाल्या. "आणि मला आत पाठवा."

त्यांची दोन पानं डॉक्टरांनी मागितली. बाई म्हणाल्या, राहू द्या ते. मग डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली. शेवट काकांचा काकांनी करायचा. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारायचा, प्रवासी विचारतो तो. पुढे एक शब्द बोलायचा नाही.

नेमका श्रावणातला शुक्रवार होता. घरी कहाणी वाचायला सवड मिळणार नव्हती, म्हणून बाईंनी निघताना देव्हाऱ्यातल्या अक्षता रुमालात बांधून घेतल्या होत्या. टोपी चढवण्यापूर्वी त्यांनी त्या उजव्या मुठीत घेतल्या.

सात वेशींचं गाव तासगावसारखंच निघालं, जरा मोठं आणि जरा स्वच्छ. वेशींना फलाटासारखे आकडे होते. उंटांच्या गळ्यात पाट्या होत्या. चबुतऱ्यावर पागोटं बांधून हिंदुराव बसले होते, आणि शेजारच्या पाणपोईत ती होती. बाईंनी मनाशी रंगवलेली मालन काही और होती. ही पन्नाशीची, काळीसावळी, देवीचे वण असलेली, दात थोडे पुढे. हिच्यासाठी आपण चार महिने जेवलो नाही, हे बघून बाईंना हसावं की रडावं कळेना. ती सुंदर असती तर सोपं झालं असतं.

हिंदुरावांनी बायकोला बघितलं आणि ते उभे राहिले. घाबरले होते. शाळा बुडवलेल्या पोराला वडील दिसावेत तसे.

"तासगावची गाडी कधी सुटते?" वैजयंताबाईंनी विचारलं.

हिंदुरावांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पाणपोईकडे, मग सातही वेशींकडे. गर्दी थांबली. मालननं हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं. मग हिंदुरावांनी पागोटं नीट केलं आणि पुकारा सुरू केला.

"तासगावला जाणारा तांडा... वेस क्रमांक सातवर... लागलेला आहे. पुकारा करणारे... आजपासून... पुकारा करणार नाहीत." ते थांबले. "प्रवासी हिंदुराव खराडे. आणि वै..."

अडकलं.

"वै... वै..."

वैजयंताबाईंचं स्वतःचं नाव त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. एवढा तिचा जप केला दिवसभर, आणि माझ्या नावाला अडला? विसरला? सांगून टाकावं, एका क्षणाचं काम, अडतीस वर्षं हेच तर केलं. मूठ इतकी आवळली की दाणे तळव्यात रुतले. मालन बाईंकडे बघत होती. ती यावेळी हूं म्हणाली नाही. ती थांबली होती, कुणाची पाळी आहे ते ठाऊक असल्यासारखी.

"हूं," वैजयंताबाई म्हणाल्या.

"...वैजयंता," हिंदुराव म्हणाले. "वैजयंता हिंदुराव खराडे. यांनी सातव्या वेशीपाशी यावं." आणि नियमाप्रमाणे तीनदा म्हणाले.

ते वेशीतून बाहेर पडले तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. बाईंनी ते बघितलं. मग यंत्रानं विचारलं, इथं थांबायचं का, आणि हिंदुराव हो म्हणाले.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. बाईंनी अजून मूठ उघडली नव्हती. उंबऱ्याच्या आत येऊन जिवतीच्या चित्रासमोर अक्षता वाहिल्या तेव्हा तळहातावर दाण्यांचे वण उमटलेले होते. हिंदुराव खाटेवर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजच काही होईल असं नाही, महिनाही लागेल. बाई समोर पाटावर बसल्या.

"मा..." हिंदुराव म्हणाले.

माठ, माचिस, माझा, असे शंभर शब्द दारात धावत आले. बाईंनी दार लावून घेतलं.

"मालन..." घाम फुटला होता त्यांना. डोळे भरले होते. "मालन... एकटी... पडली... असंल."

जवळजवळ दोन वर्षांनंतरचं या घरातलं पहिलं पूर्ण वाक्य. त्याला उत्तरं पुष्कळ होती. ती कुणी नव्हतीच. मी समोर बसलेय ना. माझं नाव घ्यायला जन्म गेला आणि घरी आल्याबरोबर तिचं? सगळी खरी होती. वैजयंताबाईंनी रिकामी मूठ पुन्हा मिटली.

"हूं," त्या म्हणाल्या.

हिंदुरावांनी मान वर केली, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि ते पुढचं वाक्य जुळवायला लागले.